वस्ती कोणाच्या घरी ठेवायची

३ ऑगस्ट

शेंडेफळास,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. म्हणून हा कागद, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. फाडणार असशील तर फाड, पण आधी वाचशील. तेवढी मी तुला ओळखते.

क्षेमकुशल विचारायला लिहीत नाही. माझा राग जागच्या जागी आहे. रागावून घर सोडणारा माणूस कपडे नेतो, फार तर उशी नेतो. तू तुझं कॉम्प्युटरचं मशीन नेलंस आणि वर बाबांची स्कूटरही नेलीस. मशीन तुझं होतं, मान्य. स्कूटर तुझ्या कोणत्या मामाची होती? बाबा आता माझ्या चष्म्याच्या दुकानात पायी येतात, भिंतीच्या कडेकडेने. विचारलं की म्हणतात, गुडघा. येतात आणि नेहमीसारखे गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहतात. मी लोकांचे डोळे तपासते, ते बसून ऐकतात आणि दर थोड्या वेळाने विचारतात, "वस्ती कधी उघडायची?"

काल एका बाईंनी विचारलं, कसली हो वस्ती? मी म्हटलं, कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, ठोकळ्यांचं जग. आम्ही पाच जण गेली चार वर्षं त्यात खणतोय, बांधतोय. आमची मावशी परगावी शिवणकाम करते, भावाचा मित्र कंपाउंडर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतो, पण रोज सगळे तिथे भेटतो. बाबा बसच्या गॅरेजातून निवृत्त झाले ते थेट तिथे रेल्वे टाकायला लागले. त्या म्हणाल्या, मग आता का बंद? मी म्हटलं, ते जग माझ्या भावाच्या मशीनवर राहायचं. तो रुसला की जगाला कुलूप.

हसल्या त्या. मला हसू आलं नाही.

काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला पुन्हा म्हणायचं आहे. तू कोणाला न विचारता जुनी कॉपी लावून वस्ती तीन आठवडे मागे नेलीस. मावशीचा लोकरीचा रंगीत हॉल गेला. माझं दीपगृह गेलं, ज्याच्या जिन्यावर मी त्या तीन आठवड्यांतल्या सगळ्या सुट्ट्या घातल्या होत्या. आणि कारण विचारलं तर काय म्हणालास? "मशीन माझं, मर्जी माझी." मी म्हटलं, मग तुझी वस्ती तुलाच लखलाभ. मी ते शब्द मागे घेत नाही. लोकांना घरी बोलावून त्यांच्या ताटाखालची सतरंजी ओढणारा यजमान मला नको.

मात्र बाबांसाठी मागते. वस्तीची शेवटची कॉपी पाठव. बाकी आमचं आम्ही बघू.

ताई


२१ ऑगस्ट

शेंडेफळास,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, "कॉपी पाठवणार नाही" एवढंच. पाकिटावरचा पत्ता त्याहून मोठा होता. का, ते लिहायला शाई संपली वाटतं.

हरकत नाही. अडला हरी म्हणून पाय धरायची वेळ अजून आलेली नाही. चष्म्यांचे स्क्रू ठेवते त्या खणात मला तुझाच एक जुना पेनड्राइव्ह सापडला. गेल्या वर्षीची वस्ती आहे. बाबांची निम्मी रेल्वे तिच्यात नाही, मावशीच्या मेंढ्या आहेत. म्हटलं, चला, मेंढ्यांपासून सुरुवात.

आता ती ठेवायची कुठे? चौघांनी फोनवर सभा घेतली. कंपाउंडर म्हणाला, खेळाच्या कंपनीचीच सोय घेऊ, दोन बटणं दाबली की तयार, पण मग ती एकाच्या खात्यावर राहणार. मावशी म्हणाली, "म्हणजे पुन्हा एकाची मर्जी. मला एकाच्या मर्जीचा आता वीट आलाय बाई." दुसरा मार्ग म्हणजे कुठल्या तरी छोट्या कंपनीचं मशीन भाड्याने घ्यायचं, सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, आपल्या हातात आणि सगळी डोकेदुखीही आपलीच. बाबांना तेही पटेना. "मशीन घरात पाहिजे. हात लावला तर गरम लागलं पाहिजे. कुठल्या तरी अदृश्य खोलीत आपली वस्ती, हे काय बोलणं झालं?"

शेवटी मावशीनेच डोकं चालवलं. वस्ती कोणा एकाकडे नकोच. ती फिरती ठेवू. ज्याची पाळी तो आपल्या कॉम्प्युटरवर चालवेल, बाकीचे त्याच्याकडे जातील, आणि पाळी संपली की कॉपी पुढच्याला पाठवेल. कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही. ऐकायला किती छान! मीही टाळ्या वाजवल्या.

तू असतास तर हसला असतास, कारण आम्ही काय विसरलो ते तुला लगेच कळलं असतं. कॉपी पुढे पाठवली तरी आपल्याकडे एक उरतेच. बाबांनी ती मावशीला पाठवली, आणि मावशी शिवणाच्या गर्दीत आहे, आज काही उघडत नाही, असं स्वतःशी ठरवून आपल्याकडची उघडून बसले. त्याच दुपारी मावशीने तिच्याकडची उघडली. झाल्या दोन वस्त्या! एकीत बाबांनी डोंगराला बोगदा पाडलाय, दुसरीत डोंगर जसाच्या तसा आणि मावशीने मेंढ्यांसाठी ऐसपैस गोठा बांधलाय. कंपाउंडर म्हणतो, या दोन कधीच एक होणार नाहीत, कोणती तरी एक सोडावी लागेल.

मग बाबा म्हणाले, "बोगदा सोडा. मातीच ती, पुन्हा खणेन. मेंढ्यांना छप्पर राहू दे."

नंतर मावशी मला एकटीला फोन करून म्हणाली, "तुझ्या आईला उगीच नाही पसंत पडले ते." हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुला पाझर फुटावा म्हणून नाही.

तर आता वस्ती माझ्याकडे आहे. दुकानातल्या मागच्या खोलीत, काचा मागवायच्या कॉम्प्युटरवर. कंपाउंडरने येऊन बाहेरच्यांना आत यायचं दार उघडून दिलं, आणि दर रविवारी एक कॉपी बाजूला काढायला शिकवलं. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि मधून मधून मशीनला हात लावून गरम आहे ना बघतात. अडचण एकच. दुकानाचं शटर खाली आलं की वस्तीचंही आलंच. मावशीला दिवसभर काम, ती मोकळी होते तेव्हा मी कुलूप लावत असते. ती काही म्हणत नाही. मीच शटर रेंगाळत ओढते.

यजमानपण सोपं नाही हे मला कळतंय. म्हणून तुझं बरोबर होतं असा अर्थ काढू नकोस.

ताई


१४ सप्टेंबर

शेंडेफळ,

आज जे झालं ते मला कोणाला तरी सांगायचं आहे आणि तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी एका फ्रेमला काच बसवत होते. मागच्या खोलीत बाबा वस्तीत होते, एकटेच. गाणं गुणगुणत होते. मला हाक मारली, "ये, गंमत बघ. मावशीला सांगू नकोस. तिच्या नव्या हॉलपुढे कारंजं करतोय."

मावशीने लोकरीचा हॉल पुन्हा बांधलाय, आधीचाच, सगळे रंग आठवून आठवून. मी काच पुसत पुसत गेले. बाबा हॉलच्या छपरावर उभे होते आणि बादली ओतत होते. पाण्याची निळी नव्हे, लाव्हाची लाल बादली.

पडदाभर केशरी लाल ओघळ. लोकर पेटली होती. हॉलची एक अख्खी भिंत गेली होती आणि दुसरी जात होती. मी ओरडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "कसं पसरतंय बघ. पाण्यावर संध्याकाळचं ऊन किती छान पडलंय."

मी हातातली काच खाली ठेवली.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतके खूश होते रे. पडद्याच्या अगदी जवळ नाक नेऊन बसले होते, आणि ते नेहमीच तसे बसतात म्हणून मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, जरा चहा सांगून येता का कोपऱ्यावर?" ते उठले, दाराच्या चौकटीला हात लावत गेले. ते परत येईपर्यंत मी वस्ती बंद केली आणि रविवारची कॉपी लावली. कोणाला विचारलं नाही. विचारणार काय? विचारलं असतं तर आधी सांगावं लागलं असतं की लाव्हा कोणी ओतला. रेल्वेच्या रुळापासून छपरापर्यंत त्यांचाच जिना होता, आंधळ्यालाही कळलं असतं. हा शब्द मी सहज लिहून गेले बघ.

हात काम करत होते तेव्हा डोक्यात काही नव्हतं. कॉपी लागली, हॉल पुन्हा उभा राहिला, अर्धामुर्धा, रविवारी होता तेवढा. आणि मग मावशीचा फोन आला.

"माझी मागची भिंत कुठे गेली? निळी? आठवडाभर शिवण बाजूला ठेवून बसले मी तिच्यासाठी."

मी म्हटलं, मी कॉपी बदलली.

"का?"

मी म्हटलं, "माझी मर्जी."

मावशीने जे काही सुनावलं ते शब्दन् शब्द मी तुला सुनावलं होतं तेच होतं. सतरंजीसुद्धा होती त्यात. माझ्याकडूनच घेतली असणार. मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मी तिथेच स्टुलावर बसले.

शेंडेफळ, वस्ती मागे नेलीस त्या दिवशी तू बाबांच्या शेजारी बसला होतास ना?

ताई


१७ सप्टेंबर

गाढवा,

उत्तराची वाट बघत नाही. मला मिळालंय.

तुला माहीत आहे, दर वर्षी मी बाबांचे डोळे तपासते. समोरच्या भिंतीवर तक्ता, ते या टोकाला खुर्चीत, आणि ते वरपासून खालपर्यंत धडाधड वाचतात. सगळ्यात खालची बारीक ओळ, जी तरण्याताठ्या पोरांना जमत नाही, तीसुद्धा. र प ग न म ह. मी दर वर्षी कौतुक करायची. गिऱ्हाइकांना सांगायची, बघा, माझ्या वडिलांचे डोळे बघा या वयात.

काल मी तक्ता बदलला. नवा आणून ठेवलेला होताच, जुन्याच्या कडा पिवळ्या पडल्यात म्हणून. बाबांना सांगितलं नाही. खुर्चीत बसवलं, म्हटलं, वाचा. त्यांनी मान ताठ केली, माझ्याकडे मिश्कील बघितलं आणि म्हणाले, "खालचीच वाचतो. र, प, ग, न, म, ह."

नव्या तक्त्यावर खाली ट क स ज व आहे.

अरे, निवृत्त झाल्यापासून तो माणूस रोज त्या बाकावर बसलाय. रोज माझी गिऱ्हाइकं मोठ्याने तक्ता वाचतात आणि तो ऐकतो. त्याला पाठ नसेल तर कोणाला असेल? दिव्याखाली अंधार म्हणतात, माझ्या बाबतीत दिवाही माझा आणि अंधारही माझाच. मी जवळ गेले, बॅटरी लावून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. त्यांना दोन्ही बादल्या सारख्याच मळकट दिसत असणार.

मी म्हटलं, "बाबा, तक्ता बदललाय."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "त्याला मी शपथ घातली होती. तुला सांगायचं नाही म्हणून. डोळ्याला सुरी लावून घेणार नाही मी." एवढंच. लाव्हाचं त्यांना अजून माहीत नाही, त्यांना वाटतं तुला फक्त डोळ्यांचं कळलं होतं. तुझी मर्जी म्हणजे काय होती, हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे.

स्कूटर का नेलीस तेही कळलं. माझ्याकडून सगळ्या गावाने ऐकलंय की माझा भाऊ बापाची स्कूटर घेऊन पळाला. चौकाचौकात सांगितलंय मी. आणि कॉपी का पाठवली नाहीस तेही कळलं, बाबांच्या हाती पुन्हा ती बादली पडू नये म्हणून.

रडले मी. मग खूप राग आला, आणि तो अजून आहे. नीट वाच. तू वाईट ठरलास, बाबा वाचले, हे सगळं ठीक. पण इतके दिवस तो माणूस धुक्यात चालला. स्कूटर नेलीस, पण रस्ता तर इथेच होता. तू शपथ पाळलीस आणि मी बहीण असून, हे काम शिकलेली असून, मला कळू दिलं नाहीस. त्या दिवशी मीही तेच केलं, तुझ्याइतक्याच प्रेमाने केलं, आणि मावशीची निळी भिंत गेली ती गेलीच. आपण दोघंही एकाच मातीचे. एकट्याने ठरवायचं, सगळ्यांच्या भल्याचं, आणि वर तोंड मिटून शिव्या खायच्या. हे चांगुलपण आहे की माज, मला ठरवता येत नाही.

म्हणून मी एक ठरवलंय, आणि या वेळी विचारून ठरवतेय. वस्ती माझ्या दुकानात नको, तुझ्या खोलीतही नको. भाड्याचं मशीन घेऊ, छोट्या कंपनीचं, कायम चालू राहणारं. मावशीला वाटेल तेव्हा तिने जावं. किल्ल्या दोन, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आणि वस्ती मागे न्यायची असेल तर आधी पाचही जणांना कारण सांगायचं. कारण लाजिरवाणं असलं तरी. बाबांना हात लावून गरम बघता येणार नाही, त्यांची समजूत मी काढीन.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा हो म्हणाले, कारण मी म्हटलं, नाही म्हणालात तर मी तक्ता रोज बदलीन.

तुझी, चिडलेली पण तुझीच,
ताई


९ ऑक्टोबर

प्रिय शेंडेफळ,

तुझं पाकीट मिळालं. आत पेनड्राइव्ह, सोबत चिठ्ठी नाही. चिठ्ठी न लिहिण्यात तू बापावर गेलास. वस्ती उघडून बघितली, बाबांची सगळी रेल्वे जागच्या जागी आहे.

कोणती वस्ती न्यायची यावर सभा झाली. मावशी कुरकुरली, तिचा नवा हॉल सोडावा लागणार होता. मग म्हणाली, "दोनदा बांधलाय, तिसऱ्यांदा डोळे मिटून बांधीन." भाड्याच्या मशीनवर तुझीच कॉपी लावली. कंपाउंडरने सगळी मांडामांड केली आणि तुझी किल्ली तुला पाठवली. ती वापरलेली दिसत नाही.

बाबांचा एक डोळा झाला, दुसरा पुढच्या महिन्यात. पट्टी काढल्यावर आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हातारी झालीस की." धन्यवाद म्हटलं.

काल त्यांना वस्तीत बसवलं. मी मुद्दाम शेजारी बसले. रेल्वेवरून एक फेरी मारली, रूळ कुठे वाकडे गेलेत ते बघून स्वतःलाच बोलले. मग पेटी उघडली. पेटीत दोन बादल्या होत्या, शेजारी शेजारी. बाबा थांबले.

"ही लाल कधी झाली?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि खरं माझ्या तोंडून येईना.

त्यांनी लाल बादलीकडे बघितलं, मग निळीकडे. मग रेल्वेच्या टोकापासून मावशीच्या मोकळ्या जागेपर्यंत नजर नेली. गॅरेजात बिघडलेल्या इंजिनाकडे बघायचे ना, न बोलता, तसे बघत होते. त्यांना काही सांगावं लागत नाही रे, दिसलं की पुरतं.

"त्याने म्हणून मागे नेली होती," ते म्हणाले. "आणि तू पण."

मी मान हलवली.

"आणि स्कूटर."

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, जरी तो आता नुसताच ऊन लागू नये म्हणून दिलेला आहे. मग मला म्हणाले, मावशीला फोन लाव. मी लावला. तिने हॅलो म्हणायच्या आत ते बोलले, "तुमचा हॉल दोन्ही वेळा मी जाळला. पोरांनी माझ्यावर पांघरूण घातलं. पोरांना बोललात ते मला बोला."

मावशी काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, कारण बाबांनी मला हाताने बाहेर जायची खूण केली. बराच वेळ बोलत होते. मधे एकदा हसल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन एका आजोबांना चष्मा बसवला, तो उलटा बसवला आणि त्यांनीच सरळ केला.

आत आले तेव्हा बाबा वस्तीत तुझ्या घरासमोर होते. तुझं घर आम्ही कोणी पाडलं नाही, हे तुला कळायला हवं. राग होता तेव्हाही नाही. बाबांनी दारापुढे कारंजं केलं होतं, पाण्याचं. दोनदा बादली तपासली म्हणाले. आणि बाजूला एक पाटी रोवली होती, त्यावर एकेक अक्षर शोधत काही तरी लिहीत होते. मला बघू देईनात. लिहून झाल्यावर खुर्ची मागे सरकवली.

पाटीवर काय आहे ते सांगून टाकते. वस्ती आता बंद होत नाही, तू केव्हाही जाऊन बघू शकतोस, पण तू मानी आहेस, वेळ लावशील, आणि मला तेवढा धीर नाही. तीन ओळी आहेत:

ट क स ज व.
पाठ नाही. वाचली.
स्कूटर घेऊन ये.

ताई